‘येतो’ म्हणजे आत की बाहेर

आमच्या घरात पत्ते खेळताना खोटं बोललेलं चालतं, व्याकरण चुकलेलं चालत नाही. हा नियम अव्वाचा. अव्वा म्हणजे माझी आई. आमचं घराणं मूळचं सीमेकडचं, बोलण्यात कानडी मिसळलेली, म्हणून आई ती अव्वा आणि मोठा भाऊ तो अण्णा. अव्वाने सगळी नोकरी कोल्हापुरातल्या एका मुलींच्या शाळेत मराठी शिकवण्यात घालवली. शाळेच्या फाटकाच्या आत ती ‘मी येते, मी जाते’ असं छापील बोलायची. फाटकाबाहेर पाऊल पडलं की ‘मी येतो, मी जातो, न्हाय, व्हय की’ सुरू. आमच्याकडच्या बायका असंच बोलतात. कॉलेजात असताना माझी एक पुण्याची मैत्रीण घरी आली होती. तिने हळूच विचारलं, तुझी आई स्वतःला पुरुष समजते का गं? मी म्हणाले, ती नाही समजत, पण घरातले पुरुष तसं समजून वागतात.

पोकर आमच्या घरात माझ्या नवऱ्यामुळे शिरला. तो पतसंस्थेत कर्जाचे अर्ज तपासतो, म्हणजे दिवसभर लोकांना नाही म्हणतो. संध्याकाळी सोफ्यावर पडून फोनवर छोट्या छोट्या स्पर्धा खेळायचा. पैसे लावून खेळायचे ते खेळ फोनवरून बंद झाले तेव्हा आठवडाभर त्याचं जेवणातलं लक्ष उडालं. घरात तो इतका पायात पायात यायला लागला की मी वैतागून म्हणाले, रविवारी अव्वाकडे जाऊ, तिलाच शिकव तुझा खेळ. माझी खात्री होती की ती त्याला दारातूनच परत पाठवेल. तिने शांतपणे सगळे नियम ऐकून घेतले आणि जावयाला म्हणाली, “म्हणजे आपली तीन पत्तीच की पावणं. इंग्रजी शाळेत घातल्याली.”

खेळ सांगायला सोपा आहे. प्रत्येकाला दोन पानं झाकून मिळतात, मध्ये सगळ्यांची मिळून पाच पानं उघडली जातात, आधी तीन एकदम, मग एकेक, आणि ज्याची जुळणी मोठी त्याने मधला ढीग उचलायचा. जुळणी नसेल तर ती आहे असा चेहरा करायचा. पुढ्यातलं संपलं की माणूस बाद, आणि शेवटी जो एकटा उरतो तो जिंकला. पैशाचं नाव अव्वाने काढू दिलं नाही. नवऱ्याने हौसेने मागवलेल्या रंगीत चकत्याही तिने पिशवीत परत घालायला लावल्या आणि सारीपाटाच्या डब्यातले चिंचोके आणि कवड्या काढल्या. दहा चिंचोक्यांची एक कवडी. माझा नवरा त्या चकत्यांच्या पिशवीकडे अजूनही दर रविवारी एकदा तरी बघतो.

घोळ झाला तो ब्लाइंड या शब्दाचा. या खेळात प्रत्येक वाटपाला दोघांना, आळीपाळीने, पानं बघण्याआधीच ठरावीक चिंचोके मध्ये टाकावे लागतात. त्याला ब्लाइंड म्हणतात. अव्वाला माहीत असलेलं ब्लाइंड दिवाळीतल्या तीन पत्तीतलं, म्हणजे पानं न बघता खेळायचं. त्यामुळे पहिल्या रविवारी ‘अव्वा, ब्लाइंड तुमचा’ असं म्हटलं की ती पानांवर तळहात ठेवून डोळे मिटून बसायची, आणि आम्ही सगळे तिचे डोळे उघडायची वाट बघत बसायचो. शेवटी माझ्या नवऱ्याने समजावलं की पानं बघा, खेळा, नाहीतर टाकून द्या, पण टेबलावर बसलाय म्हणून एवढं भरायचंच.

“बसल्या जागेचं द्यायचं व्हय?” ती म्हणाली. “मग सरळ घरपट्टी म्हणा की.”

तेव्हापासून आमच्याकडे घरपट्टी. भिंतीवरच्या घड्याळाने टोला दिला की घरपट्टी दुप्पट. अव्वा प्रत्येक टोल्याला म्हणते की महापालिका तरी एवढी निर्दय न्हाय. आणि पुढ्यातलं सगळंच्या सगळं एकदम लावायचं, ज्याला खेळात ऑल इन म्हणतात, त्याला तिने ‘समदं’ हा शब्द दिला. ती नुसतं म्हणत नाही, वर्गात शेवटच्या बाकापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणते. खालच्या मजल्यावरच्या काकूंना आता पोकर न शिकताही कळतं की वर कुणीतरी संकटात आहे.

या खेळात सगळी गंमत शेवटाकडे असते, आणि सगळी पंचाईतही. घरपट्टी वाढत जाते आणि पुढ्यातला ढीग न खेळताच खाल्ला जातो. चांगली पानं येतील म्हणून वाट बघावी, तर वाट बघण्याचेच चिंचोके कापले जातात. माझ्या नवऱ्याचा सिद्धांत असा की पुढ्यातलं घरपट्टीच्या दहापटीवर आलं की वाट बघणं बंद. जरा बरी पानं दिसली की सगळं ढकलायचं. त्याहून खाली गेलात तर तुम्ही ढकलल्याचं कुणाला काही वाटतच नाही. मला हे लगेच पटलं, कारण माझा उचगावात दातांचा दवाखाना आहे. दात ठणकत असताना ‘बघू अजून आठवडाभर’ म्हणणारी माणसं मी रोज बघते. ती येतात तेव्हा माझ्या हातात पक्कड सोडून दुसरं काही उरलेलं नसतं.

अव्वाने हाच सिद्धांत तिच्या पद्धतीने समजून घेतला. “समोरच्याला भ्या वाटाय पायजे,” ती म्हणाली. “भ्या वाटण्याइतकं आपल्यापाशी असंस्तवर बोलायचं. नंतर बोललं तर ती रडारड हुती.”

आम्ही हसलो. तिला ते किती मनापासून म्हणायचं होतं ते आम्हाला कळायला पुढे बरेच रविवार जावे लागले.

झालं असं की गणपतीच्या आधी अव्वा बाथरूममध्ये घसरली. मनगट मुरगळलं, कपाळावर टेंगूळ आलं. तिने स्वतः उठून, स्वतः हळद लावून, दुसऱ्या दिवशी कळंब्याच्या तलावावर मैत्रिणींबरोबर रोजची फेरीही मारली. तिथल्याच एका मैत्रिणीने मला फोन केला म्हणून कळलं. वडील गेल्यापासून ती कळंब्याच्या त्या फ्लॅटमध्ये एकटी राहते. त्या दिवशी आम्ही भावाबहिणीने ठरवून टाकलं की आता हे पुरे. अण्णा वारणानगरला कॉलेजात गणित शिकवतो. त्याचं म्हणणं, अव्वाने त्याच्याकडे यावं. माझं म्हणणं, माझ्याकडे यावं. अव्वाचं म्हणणं, तुम्ही दोघं तुमच्या तुमच्या घरी राहावं.

मग सुरू झाली फोनाफोनी. रोज संध्याकाळी अण्णा तिला फोन करून समजवायचा, त्यानंतर मी करायचे, त्यानंतर अण्णा मला करून विचारायचा की काय म्हणाली. दसरा झाला, दिवाळी झाली, संक्रांत झाली. मी काही फक्त कर्तव्य म्हणून मागे लागले नव्हते. मला भीती वाटायची. अवेळी फोन वाजला की मी हातातलं टाकून धावायचे आणि फोनवर कुणीतरी क्रेडिट कार्ड विकतंय हे कळलं की मी त्या माणसावर इतकी खूश व्हायचे की एकदा कार्ड घेऊनही टाकलं.

एका रविवारी डाव संपला तरी अण्णाने पुन्हा विषय काढला. अव्वा कवड्या पुसत होती. तिने फडकं खाली ठेवलं.

“रोज तेच तेच बोलून तोंड दुखत न्हाय व्हय रं तुमचं? असं करू. फुडल्या रविवारी डाव मांडायचा. मी जिंकलो तर वरीसभर ह्यो विषय कुणी काढायचा न्हाय. तुमच्यातलं कुणी जिंकलं तर त्याच्या घरात मी बॅग भरून जातो. हूं का चूं करणार न्हाय.”

“अव्वा, ही काय पत्त्यांवर ठरवायची गोष्ट हाय?” अण्णा म्हणाला.

“मग कशावर ठरवायची? तू ठरीवलंस तर चालतंय, पत्त्यांनी ठरीवलं तर चालत न्हाय?”

अण्णाने चष्मा काढून डोळे चोळले. तो मनात आकडेमोड करत होता हे मला दिसत होतं. पाच जणं खेळणार, त्यात अव्वा एक आणि तिच्या विरुद्ध चार. गणिताच्या माणसाला याहून सोपी बेरीज कुणी घातली नसेल. “चालंल,” तो म्हणाला.

पुढच्या रविवारी जेवणं लवकर उरकली. अव्वाने कडक भाकरी आणि भरल्या वांग्याचं एण्णेगाई केलं होतं. कोल्हापुरात राहून मटण न शिजणारं आमचं घर आहे, त्यामुळे वांग्यावर जरा जास्तच जबाबदारी पडते. भांडी घासताना वैनीने मला बाजूला घेतलं. वैनी म्हणजे अण्णाची बायको. तिचं आणि अव्वाचं फार छान जमतं, मध्ये तासाभराचा रस्ता असला की. “तुम्हीच जिंका बाई,” ती कुजबुजली, “न्हायतर अव्वांना जिंकू द्या.” तिसऱ्या शक्यतेचं तिने नावसुद्धा घेतलं नाही.

डाव सुरू झाला आणि वैनीने तिसऱ्याच हाताला दुर्री आणि सत्ती या दोन पानांवर समदं लावलं. या खेळात याहून वाईट पानं मिळत नाहीत. तिचे सगळे चिंचोके अव्वाने उचलले. अण्णा तिच्याकडे बघत राहिला.

“मला काय कळतंय त्यातलं,” वैनी म्हणाली आणि दिवाणावर जाऊन साखरझोपेत गेल्यासारखी पडली. मात्र एक डोळा तिने शेवटपर्यंत उघडा ठेवला होता.

माझा नवरा मग त्याच्याच सिद्धांताने मेला. दहापट झाली की ढकला, हे त्याने आम्हाला शिकवलं, पण कर्ज मंजूर करायचं म्हटलं की त्याच्या पेनाचं टोपण निघत नाही. दहापट झाली तरी तो तारण बघत बसला. सातपट झाली. घड्याळाने टोला दिला आणि त्याची चारपटसुद्धा राहिली नाही. तेव्हा त्याला दोन राजे आले. त्याने मोठ्या थाटात सगळं ढकललं, आणि पुढ्यात इतकं कमी होतं की आम्ही तिघांनीही पानं नीट न बघता ‘असू दे, असू दे’ म्हणत त्याच्यासमोर चिंचोके टाकले. तिघांपैकी अण्णाला मधली पानं लागली. जावई बाद. त्याने राजांची पानं हातात घेतली आणि दोघांच्याही तोंडाकडे बघत म्हणाला, “उशिरा आलात हो.”

“पावणं, त्ये टायमात आलते,” अव्वा म्हणाली. “तुमीच बसून ऱ्हायला.”

आता आम्ही तिघं उरलो. अण्णाचा ढीग मोठा, माझा मध्यम, आणि अव्वाचा पार खाली गेलेला. वैनीकडून आलेलं तिने कधीच घालवलं होतं. घरपट्टी एका कवडीवर गेली होती आणि अव्वा पानं बघायची, टाकायची, बघायची, टाकायची. चेहऱ्यावर काही नाही. अण्णा मात्र हातागणिक सैल होत गेला. त्याने मध्येच सांगून टाकलं की त्यांच्याकडची मागची खोली उन्हाची आहे, तिथे अव्वाची कॉट छान बसेल. मी म्हणाले, आमच्याकडे लिफ्ट आहे. आम्ही तिच्यासमोर बसून तिची कॉट कुठे ठेवायची यावर वाद घालत होतो आणि ती ऐकत पानं टाकत होती. मला त्या क्षणी त्यात काही वावगं वाटलं नाही.

मी तिच्या पुढ्यातल्या कवड्या मोजल्या. बरोबर दहाच्या आसपास. तेवढ्यात तिने दोन्ही हातांनी ढीग पुढे लोटला.

“समदं!”

खालच्या काकूंचा पंखा बंद झाल्याचा आवाज आला, नीट ऐकू यावं म्हणून असणार. मी पानं टाकली, अण्णानेही टाकली. अव्वाने घरपट्टी गोळा केली. पुढच्याच हाताला पुन्हा “समदं!” पुन्हा आम्ही दोघांनी टाकली. आता मात्र मला शंका आली. मी दातांची डॉक्टर आहे, माणसाचा जबडा मला वाचता येतो. अव्वाचा जबडा सैल होता. ज्याच्याकडे पानं असतात तो दात आवळतो, असा माझा अनुभव. तिसऱ्या हाताला ती पुन्हा “समदं!” म्हणाली तेव्हा माझ्याकडे राजा आणि दश्शी होती, दोन्ही बदामाची. मी म्हणाले, “अव्वा, बास आता. आलो मी.”

तिने दोन एक्के उघडून ठेवले.

“आधीच्या दोन टायमाला काय हुतं?” मी विचारलं.

“काय न्हवतं,” ती म्हणाली. “आणि दातांचं बघत जाऊ नगंस, खालचे नवे बसीवल्यात मी. तूच बसीवल्यात.”

अशा रीतीने मी स्वतःच्या कारागिरीला फसून जवळजवळ संपले, आणि राहिलेलं पुढच्या हाताला अण्णाने नेलं. मी बाद झाले. आता तिच्यासमोर अण्णा एकटा. दोघांचे ढीग जवळजवळ सारखे होते, अव्वाचा किंचित जास्त. नवरा पंच होता, पण आता मलाही काही काम नसल्यामुळे मी त्याच्या शेजारी जाऊन दुसरी पंच झाले. इतके महिने मला हवं होतं ते एका हाताच्या अंतरावर आलं होतं. माझ्याकडे नाही तर अण्णाकडे, पण ती एकटी राहणार नव्हती, फोनची भीती संपणार होती. तरी मला अण्णाचा मनापासून राग येत होता.

घड्याळाने टोला दिला. घरपट्टी पुन्हा दुप्पट. पानं वाटली. अण्णाने त्याची पानं बघितली, अव्वाकडे बघितलं, पुन्हा पानं बघितली. मग त्याने सगळा ढीग पुढे सारला. “ऑल इन,” तो म्हणाला. समदं म्हणायची त्याला लाज वाटते, तो प्राध्यापक आहे.

अव्वाने तिची दोन पानं वाकवून बघितली. खाली ठेवली. त्याच वेळी दाराची बेल वाजली.

“येतो,” अव्वा म्हणाली. चष्मा काढून तिने पानांवर ठेवला आणि दाराकडे गेली.

अण्णाने मोठा श्वास सोडला आणि खुर्चीत मागे रेलला. “गेली!” तो म्हणाला. “सोडला हात. बघा, काय हुतं माझ्याकडं!” आणि त्याने दोन पानं टेबलावर उलटी करून आपटली. राणी आणि चौकी, दोन वेगळ्या रंगांची. म्हणजे काहीच नाही. गणिताच्या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा थाप मारली होती आणि ती कुणाला तरी दाखवल्याशिवाय त्याला राहवेना. दिवाणावरून वैनीचा दुसरा डोळाही उघडला.

दारात खालच्या काकू होत्या. वाटी परत करायला आल्या होत्या, आणि वाटी परत करायला कधी नव्हे इतका वेळ लावून आमच्या टेबलाकडे मान उंच करून बघत होत्या. अव्वा वाटी घेऊन आत आली, बसली, टेबलावरची राणी आणि चौकी बघितली.

“अरे वा, उघडलीस व्हय? बरं झालं. पावणं, मधली पानं लावा.”

“कसली मधली पानं?” अण्णा म्हणाला. “तू हात सोडलास की.”

“कवा सोडला? मी येतो म्हटलं.”

“येतो म्हणजे जातोच की गं! निघताना माणूस काय म्हणतंय? येतो म्हणतंय. जातो म्हणायचं नसतं हे तूच शिकीवलंस आम्हाला.”

हे त्याचं खरं होतं. लहानपणी शाळेला निघताना चुकून ‘जातो’ तोंडातून गेलं तर ती आम्हाला उंबऱ्यातून परत बोलवायची आणि ‘येतो’ म्हणायला लावायची. पण हेही खरं होतं की आमच्या टेबलावर समोरच्याने लावलेलं मान्य करून खेळात उतरायचं असेल, म्हणजे पोकरमधला कॉल, तर ‘आलो’ किंवा ‘येतो’ असंच म्हणतात. मराठीत आत यायलाही तोच शब्द आणि बाहेर पडायलाही तोच.

“बेल वाजली म्हणून तू म्हणालीस, येतो म्हणून,” अण्णाने दुसरी बाजू लावली. “दारातल्या माणसाला म्हणालीस. डावाशी त्याचा संबंधच न्हाय.”

माझ्या नवऱ्याने नियम सांगितला. तोंडातून गेलेला शब्द बांधील, आणि हात सोडला असं धरायला पानं मध्ये टाकावी लागतात. पानं तर चष्म्याखाली होती. पण शब्दाचा अर्थ काय, यावर त्याला निकाल देता येईना. त्याला कर्जदारांच्या सह्या तपासता येतात, सासूची क्रियापदं नाहीत. त्याने सरळ माझ्याकडे बोट केलं. “हिला विचारा. तुमच्या घरची भाषा तिला कळते.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. वाटी देऊन झाली तरी न गेलेल्या काकूसुद्धा.

अण्णाच्या बाजूने बोलले असते तर अव्वाचा हात सुटला असता, तिच्या पुढ्यातलं थोडं गेलं असतं आणि मग घरपट्टीने तिला हळूहळू खाल्लं असतं. मला जे हवं होतं ते मिळालं असतं आणि कुणी मला दोषही दिला नसता. मी अव्वाकडे बघितलं. ती मला काही खुणवत नव्हती. परीक्षेच्या हॉलमध्ये बाई बघतात तशी बघत होती, येतंय का हिला उत्तर, एवढंच.

आणि मला उत्तर येत होतं. “अण्णा,” मी म्हणाले, “बेल वाजल्यावर अव्वा कधीतरी ‘येतो’ म्हणालेली ऐकलीस तू? जन्मात कधी? बेल वाजली की ती ‘आलो, आलो’ म्हणती. उठलीपण नसंल, गॅसवर दूध असंल, तरी ‘आलो’. भूतकाळ. सगळं कोल्हापूर तसंच म्हणतंय.”

अण्णाने दाराकडे बघितलं. त्याला आठवत होतं.

“मग सोडलं म्हणून म्हणाली असंल,” तो म्हणाला. “निघताना म्हणतात तसं.”

तेव्हा अव्वा बोलली. आवाज नेहमीसारखा मोठा नव्हता.

“निघताना म्हणतात, लेकरा. पण कुठनं निघताना? दुसऱ्याच्या घरातनं, न्हायतर गाव सोडून जाताना. ह्ये घर माझं हाय. मी माझ्या सोप्यातनं माझ्या दारापत्तोर जाताना ‘येतो’ कशाला म्हणू? आज हरलो तर म्हणंन. अजून हरल्यालो न्हाय.”

अण्णाने टेबलावरच्या त्याच्या राणीकडे बघितलं. त्याचे डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्याने चष्मा काढून टेबलावर ठेवला, मग काचा पुसायला म्हणून घाईत अव्वाचाच चष्मा उचलला. त्याखालची पानं उघडी पडली नाहीत, तरी अव्वाने ती स्वतःच उलटी केली. छक्कीची जोडी. त्याची पानं बघायच्या आधीच ती सहांच्या जोडीवर, सगळं लावून, आत आली होती.

“येतो म्हणजे कॉल,” मी म्हणाले. “निकाल लागला. मधली पानं लावा.”

नवऱ्याने पहिली तीन पानं एकदम उघडली. नव्वी, तिर्री, गुलाम. चौथं पान एक्का. अण्णाला आता राणीच हवी होती, आशा ठेवायला तेवढं पुरे होतं. पाचवं पान उलटलं आणि ती चौकी निघाली. अण्णा उडालाच. “जोडी!” तो ओरडला आणि मग त्याच्या लक्षात आलं की चारांची जोडी सहांच्या जोडीपुढे काही नसते. गणिताच्या माणसाला हे कळायला एवढा वेळ लागला याचा वैनीला जो आनंद झाला तो तिने उशीत तोंड घालून साजरा केला. काकू दारातूनच टाळ्या वाजवून खाली गेल्या.

अव्वाने ढीग जवळ ओढला. आम्हाला वाटलं आता ती आमची थट्टा करेल. ती नाही करत म्हटल्यावर आम्हालाच चुकल्यासारखं वाटायला लागलं.

“तुमच्यावर राग न्हाय माझा,” ती म्हणाली. “भ्या मलाबी वाटतंय. पण आत्ता मी न्हाय म्हटलं तर तुमी दोघं फोनवर फोन करालाईसा, म्हणजे माझ्या न्हाय म्हणण्याला किंमत हाय अजून. उद्या हातरुणाला खिळल्यावर न्हाय म्हटलं तर तुमी मला उचलून गाडीत घालशीला, आणि ते बरोबरबी असंल. म्हणून म्हटलं, आत्ताच लावावं समदं. आणि ज्या दिवशी मला वाटंल ऱ्हायला जमत न्हाय, त्या दिवशी मीच सांगीन. तुमी सांगायचं न्हाय.”

मी मान डोलावली. अण्णाने तिचा चष्मा तिला दिला, स्वतःचा नाकावर चढवला आणि हात धुवायला म्हणून आत गेला. बराच वेळ नळाचा आवाज आला नाही. मी बघायला उठणार तेवढ्यात तो बाथरूमच्या दारात येऊन उभा राहिला. एक हात त्याने आतल्या भिंतीवर टेकवला होता.

“अव्वा,” तो म्हणाला, “हितं पाय घसरला तर धरायला काईच न्हाय. भिंतीला एक दांडा बसवू का?”

अव्वा चिंचोके डब्यात भरत होती. तिने वर बघितलं नाही.

“बसव की,” ती म्हणाली. “गणपतीपासनं वाट बघालोय, कोण कवा इचारतंय म्हणून.”